केळ हवेतून होते म्हणालास

जगू,

२०२५ साल. तू सदुसष्ट वर्षांचा होतास, मी त्र्याहत्तर. धाकट्याने आधी जायचं ही कुठली रीत, असं तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "दादा, रीत माणसांनी केलेली असते." आणि मग आपलं लागलं असतं. दुपारच्या जेवणापर्यंत पुरलं असतं.

तुझ्या शाळेतल्या बाई येऊन गेल्या. तू शिकवलेली मुलं तुझ्या नावाचं लहानसं पुस्तक काढतायत. बाई म्हणाल्या, "काका, सरांबद्दल चार शब्द तुम्हीही लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस. त्या म्हणाल्या, "चालेल." चालेल म्हणजे काय? मला राग आला, म्हणूनच लिहायला बसलो. तू नोकरीला कधी लागलास, रिटायर कधी झालास, ते दुसरे लिहितील. मला तुझ्याशी बोलायचंय. घरी आपण आपल्या बोलीत भांडायचो, ती कागदावर उतरत नाही. कागदावर शाळेतली भाषा येते, तीही चौथीपर्यंतचीच. चालवून घे.

तू गेलास तेव्हा माच भरलेला होता. पुस्तक वाचणाऱ्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या वाडीत राजेळी केळीची सुकेळी होतात. केळी पिकवायची, सोलायची आणि बांबूच्या उंच माचावर उन्हात मांडायची. संध्याकाळी सगळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, कारण दव लागलं की माल गेला. सकाळी पुन्हा मांडायची, दुपारी उलटायची. आठवडाभर असं केलं की केळं आक्रसतं, मधासारखं तांबूस होतं आणि पुढे महिनोन् महिने टिकतं. आता आपल्या गिरीज गावात हे करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. मी करतो, कारण बाबा करायचे. तू माझ्यासोबत करायचास, कारण तुला त्यात काय काय दिसायचं.

डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, हृदय थकलंय, फ्लॅटवर पडून राहा. तू नालासोपाऱ्याहून रोज सकाळी रिक्षा करून वाडीत हजर. तुझी बायको सुमन मला फोनवर म्हणायची, "दादा, ऐकत नाहीत हो." मी म्हणायचो, "भाऊ कुणाचा आहे?"

सुकेळी का टिकतात, हे मला तूच सांगितलंस. मी म्हणायचो, ऊन लागून पाणी जातं म्हणून. तू म्हणालास, "सगळं नाही जात. दाबून बघ, ओल आहे. पण राहिलेलं पाणी साखरेने मुठीत धरून ठेवलंय. कुजवणाऱ्या जंतूला प्यायला थेंब सुटत नाही." मी म्हटलं, "साखर मूठ धरते?" तू म्हणालास, "धरते. तुझ्यासारखी. सोडत नाही."

हे तुझं कॉलेजपासूनचं. तू पहिल्या वर्षाला होतास, सुट्टीत घरी आलास आणि खिशातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढलीस. बाबांनी विचारलं, "कुठं कापलंय?" तू एक हिरवं केळं चिरलंस आणि थेंब सोडलास. केळं निळंकाळं झालं. मग पिकलेलं चिरलंस, त्यावर सोडलास. काही नाही, औषधाचा पिवळट डाग तेवढा. बाबा म्हणाले, "दोन केळी फुकट घालवलीस." मी मात्र तिथून हललो नाही. हे मी तुला कधी बोललो नव्हतो. तू म्हणालास, हिरव्या केळ्यात पिठाची लांबच लांब माळ असते, तिचा एकेक मणी म्हणजे साखर. माळ आहे तोवर जिभेला गोडी कळत नाही. केळं पिकतं म्हणजे माळ तुटते, मणी सुटे होतात.

"तोडतं कोण?" मी विचारलं.

"केळंच."

"स्वतःची माळ स्वतः?"

"हो. त्यासाठी त्याच्याकडे कात्र्या असतात, त्याही त्यानेच केलेल्या."

त्या दिवसानंतर मी पिकवलेल्या राजेळीचा कधीही घास घेतला तरी मला ती माळ तुटताना दिसायची. तू मला केळं नुसतं केळं म्हणून खाऊ दिलं नाहीस. आणि वर मी तुला म्हणायचो, "शिकून काय मिळवलंस, आयोडीनचे डाग."

तुझ्या चार वस्तूंवर तर आपलं आयुष्यभर वाजलं. कार्बन, पाण्यातले ते दोघे, आणि नायट्रोजन. बाकी चुना, गंधक, असलं थोडं थोडं. एवढ्यातच सगळं जिवंत जग, असं तू म्हणायचास. माणूस त्याचाच, केळ त्याचीच, सुरमई त्याचीच. कार्बनला चार हात, म्हणून तो वाटेल त्याचा हात धरून लांब रांग करतो, त्या रांगांचे आपण बनलेले.

मी म्हटलं, "मी आणि केळ एकच असू तर मला बाजारात डझनावर वीक."

"तुला कोण घेणार? पिकलास, पण गोड झाला नाहीस."

इंदू आत भाजी चिरत होती, विळीवरचा तिचा हात थांबला हसण्याने. माझी बायको माझ्यावर एवढी कधी हसली नव्हती. मी त्या दिवशी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. मग तू म्हणालास, प्रत्येक जिवाच्या कणाकणात एक धागा असतो, त्यावर चार अक्षरांत लिहिलेलं असतं की ही केळ व्हायची, हा जगन्नाथ व्हायचा. मी म्हटलं, "चारच अक्षरं? मला चौथीत त्याहून जास्त येत होती." तू इतका हसलास की खोकला लागला. बोलणं पुन्हा सुरू झालं.

आणि ते खोबरेल तेल. थंडीत बाटलीत गोठायचं, इंदू उन्हात ठेवायची. तू म्हणालास, खोबरेलाच्या साखळ्या सरळ काड्यांसारख्या असतात, थंडी पडली की एकीला एक चिकटून मोळी होते. शेंगदाण्याच्या तेलात काड्या मध्येच वाकलेल्या, त्यांची मोळी बांधता येत नाही, म्हणून ते वाहतं राहतं. एवढं सांगून माझ्याकडे बघून म्हणालास, "ताठ असलं की गोठतं, दादा." मी म्हटलं, "गोठलं तरी खोबरेलच राहतं." मी जिंकलेल्या मोजक्या भांडणांतलं ते एक, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

पण एका भांडणात मी तुला एक पाऊल पुढे येऊ दिलं नाही. ते केळीचं. तू म्हणालास, केळ मातीतून होत नाही, हवेतून होते.

मी पन्नास वर्षं वाडी केली. शेणखत घातलं, पेंड घातली, मासळीचा कुटा घातला, चुलीची राख बुडात ओतली. पहाटे उठून पाणी सोडलं. आणि तू शाळेतून येऊन सांगणार की केळ हवेतून होते. मी फावडं टाकलं आणि म्हटलं, "मग उद्यापासून हवेत लाव."

तू चिडला नाहीस. मला न्हाणीच्या चुलीशी घेऊन गेलास. सकाळी तिथे झावळ्यांची मोळी जळली होती. खाली ओंजळभर राख.

"मोळी केवढी होती?"

"डोक्यावर मावेना एवढी."

"आणि राख ही एवढीच. बाकीची मोळी कुठे गेली?"

"जळली."

"जळली म्हणजे कुठे गेली?"

"गेली म्हणजे गेली."

"दादा, काही जात नाही. ही ओंजळभर राख म्हणजे झाडाने जमिनीतून घेतलं ते. बाकीचं त्याने हवेतून घेतलं होतं, पाण्याशी जुळवलं होतं. आता पुन्हा हवेत गेलं. उद्या ती पानं तेच घेतील." आणि तू केळीच्या पानांकडे बोट दाखवलंस. "तुझं खत हवंच. त्याच्यावाचून पान हिरवं होणार नाही. पण पसाभर तुझं, मोळीभर हवेचं."

पसाभर. मी म्हटलं, "ज्याने फावडं धरलं नाही त्याने मला पसा शिकवू नये." आणि पुढची चाळीस वर्षं मी हे मानलं नाही. तू दरवर्षी एकदा तरी काढायचास. मी दरवर्षी उठून पाण्याची मोटार चालू करायला जायचो.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडे राहिली. तीन वर्षांपूर्वी असेल. तू रविवारी सकाळी आला होतास, इंदू अंडी करत होती. तू तव्याजवळ उभा राहून मला म्हणालास, "बघ, पाण्यासारखं पांढरं होतं, घट्ट झालं. नवीन काही आत आलं नाही, काही बाहेर गेलं नाही. आत प्रोटीनचे धागे होते, प्रत्येक धागा आपापल्या पद्धतीने नीट गुंडाळलेला. उष्णतेने गुंडाळी सुटली आणि धागे एकमेकांत गुंतले. गुंडाळी होती तोवर त्याला काम करता येत होतं. आता धागा तोच, काम संपलं."

इंदू म्हणाली, "थंड झालं की पुन्हा कच्चं होईल का?"

"नाही, वहिनी."

मी तुला विचारलं, "मग माणूस मरतो तेव्हा तेच का? सामान सगळं तिथेच असतं, नुसती गुंडाळी सुटते?"

तू उलथन्याने अंडं ताटलीत काढलंस. मग म्हणालास, "एवढं सोपं नाही, दादा. विचार करून सांगतो."

सांगितलं नाहीस. मीही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, गडी सापडला कधी नव्हे तो, राहू दे थोडे दिवस असाच.

आता शेवटच्या आठवड्याचं. माच नुकताच भरला होता. तू खुर्ची टाकून बसला होतास आणि कोपऱ्यातल्या राजेळीकडे बघत होतास. तिचं कमळ, म्हणजे केळफूल, नुकतंच बाहेर पडत होतं. तू अगदी बाजारहाटाचं बोलावं तसं म्हणालास, "दादा, माझी राख त्या केळीच्या बुडात घाल."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी नाही. हाडांचा चुना, फॉस्फरस. केळीला लागतंच. चुलीची राख घालतोस ना?"

"चूल आणि तू एक?"

"ते तर मी चाळीस वर्षं सांगतोय."

मी म्हटलं, "आणि त्या घडाची सुकेळी करून काय करू? गिऱ्हाइकाला देऊ? भावाची?"

"विकू नकोस. तू खा."

मी उठलो. तुला सांगितलं, आपल्या घरातली राख भुईगावच्या समुद्रात जाते, बाबांची गेली, आईची गेली, तुझीही जाईल. मी माझ्या भावाला खाणार नाही. तू म्हणालास, "बरं." एवढंच. ना हो, ना नाही. दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा हवामानाबद्दल बोललास, सुमनच्या गुडघ्यांबद्दल बोललास. त्याबद्दल अक्षर नाही. मला ते तुझं "बरं" अजून ऐकू येतं. तू वाद सोडून देणारा माणूस नव्हतास, म्हणून.

त्या सकाळी ऊन चांगलं होतं. तू माचाशी बसून सुकेळी उलटत होतास. म्हणालास, "दादा, जरा पाणी दे." मी घरातून तांब्या घेऊन आलो. तुझा हात माचावर होता, बोटांत सुकेळं होतं, मान छातीवर. मी हाक मारली. दुसरी हाक मारली नाही, कारण पहिलीतच कळलं.

तुला ओटीवर आणलं. डॉक्टर येऊन बघून गेले. सुमन आली, ठाण्याहून तुझी लेक मेधा आली. तिच्या बँकेचं ओळखपत्र गळ्यातच होतं, काढायचं भानही पोरीला नव्हतं. तिचं नाक तुझं, म्हणजे बाबांचं, म्हणजे माझंही. मी तुझ्याशेजारी बसून होतो. तुझ्याकडे नीट पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. तुझा कार्बन, तुझं पाणी, तुझा चुना. सकाळी जेवढं होतं तेवढंच. एक तीळ कमी नव्हता. आणि तू नव्हतास. जगू, तू विचार करून सांगणार होतास.

दुपार कलल्यावर तुला नेलं. गावातलं स्मशान आपल्या वाडीच्या पश्चिमेला, मध्ये दोनच वाड्या. समुद्राकडून वारा होता. अग्नी मी दिला नाही, मेधाने दिला, तुझी तीच इच्छा होती. एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिचा बाप आहे."

घरी परत आलो तेव्हा काळोख पडायला आला होता. कोणाच्याही डोक्यात नव्हतं. माच उघडा होता. तू उलटलेली अर्धी सुकेळी एका बाजूवर आणि न उलटलेली दुसऱ्या बाजूवर, तशीच रात्रभर राहिली. सकाळी पाहिलं तर सगळ्यांवर दव आणि मुंग्या. इंदू म्हणाली, "टाकून द्या. सुतकातली सुकेळी कोणाला देणार?" मी म्हटलं, "कोणालाच देणार नाही." सुतकात वाडीतलं काम करायचं नाही अशी आपली पद्धत. मी मुंग्या झटकल्या, सुकेळी पुसली, पुन्हा उन्हाला लावली. लोक बघून गेले. नासलं एकही नाही. साखरेने पाणी मुठीतून सोडलं नव्हतं.

अस्थी गोळा करून आणल्या. मडकं घरात आणायचं नसतं म्हणून फणसाच्या खालच्या फांदीला बांधलं. माचापासून दहा पावलांवर. येता जाता तू तिथे टांगलेला. मला तिकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

मेधाने दुसऱ्या दिवशी विषय काढला. "मोठेबाबा, बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं. राजेळीचं."

"मला पण सांगितलं होतं."

"मग?"

"मी नाही म्हटलं होतं."

ती तुझ्यासारखी वाद घालणारी नाही, बरं झालं. आईकडे बघितलं. सुमनने डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, त्यांनी वाडी तुमची म्हणून तुम्हाला विचारलं. तुमच्या केळीचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल ते." हे माझ्यावर टाकून ती मोकळी झाली असं मी त्या वेळी मनात म्हटलं. तसं नव्हतं. तिला माहीत होतं, मला कोणी सांगितलं की मी उलटं करतो.

दहाव्याच्या आधी ठरवायला हवं होतं. गुरुजींनी विचारलं, समुद्रावर किती वाजता यायचं. मी म्हटलं, "कळवतो." रोज कळवतो म्हणायचो. रोज सुकेळी मांडायचो, उलटायचो, गोळा करायचो आणि फणसाखाली बसायचो. तुला नाही म्हटलेलं मला बदलता येत नव्हतं, आणि तुझ्यामागे ते तसंच ठेवताही येत नव्हतं. तू जिवंत असतास तर मी नाहीच म्हटलं असतं, आपण आणखी दहा वर्षं भांडलो असतो. तू मध्येच उठून गेलास, आणि दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं. ते मला जमत नाही.

नवव्या दिवशी सकाळी मेधा येऊन माझ्याजवळ बसली. तिने फांदीवरून मडकं उतरवलं, मांडीवर घेतलं. तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं नाही, नुसतं दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. मग म्हणाली, "मोठेबाबा, बाबा एवढेच?"

उंच माणूस होतास तू. दारात वाकून यायचास. मलाही तेच वाटलं होतं मडकं पहिल्यांदा हातात आलं तेव्हा, पण मी कोणाला विचारलं नव्हतं. पोरीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही जमिनीतली पसाभर. बाकी सगळं हवेत गेलं."

मेधा माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही हे मानत नव्हता ना? बाबा सांगायचे."

"नाही मानत," मी म्हटलं.

पण बोलून गेलो होतो. आणि एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप आलं, तू खडू घेऊन मागे उभा असल्यासारखं. त्या दुपारी वारा समुद्राकडून होता. धूर आधी सरळ वर गेला, मग वळला, पूर्वेला. मी स्मशानात उभा राहून बघत होतो तो कुठे जातो ते. मधल्या दोन वाड्यांवरून आमच्या वाडीवर आला, फणसावर, नारळीवर आणि राजेळीच्या पानांवर. मग दिसेनासा झाला. मी मनात म्हटलं होतं, गेला.

काही जात नाही म्हणायचास.

म्हणजे मी तुला नाही म्हणत होतो ते या मडक्यातल्या पसाभरासाठी. मोळीभर तू तर त्याच दुपारी, मला न विचारता, पानापानांत शिरून बसला होतास. भावाला खाणार नाही म्हटलं होतं मी. आता पुढे या वाडीतलं कुठलं केळं खाऊ? कुठल्या केळ्याला नाही म्हणू? दारातली तुळससुद्धा तुझ्यातूनच घेणार. तुझी परवानगी मागायची पद्धतच खोटी होती, जगू. आधी विचारलंस, आणि नंतर स्वतःच आलास.

मी मेधाला म्हटलं, "आईला बोलाव. फावडं आण."

कोपऱ्यातल्या राजेळीच्या बुडाभोवती मी गोल माती ओढली, फार खोल नाही, तिची मुळं वरवर असतात. कमळाने आता वाकून पहिली पाकळी उघडली होती, आत फण्यांची बारीक बोटं दिसत होती. सुमनने चिमूटभर वेगळी काढून पदरात बांधली, समुद्रात सोडायला. ती तिची गोष्ट. बाकी मेधाने ओंजळीने घातली. पांढरट होतीस तू, म्हणजे राख. तिला तू म्हणालो बघ. हाडांचे बारीक तुकडे होते. मी मेधाचं मनगट धरलं. माती मी लोटली. इंदू बाजूला उभी होती, तिने विचारलं, "आता या घडाचं काय करणार?"

"सुकेळी."

"आणि?"

"खाणार."

"मला नकोत बाई," ती म्हणाली.

"तुला कोण देतंय," मी म्हटलं, आणि मग तिला रडू फुटलं. नवव्या दिवसापर्यंत तिने धीर धरला होता. तुला जेवायला वाढायची ती, पंचेचाळीस वर्षं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडायला आलं नाही. मला तुला सांगायचं होतं की मी हरलो, आणि ते ऐकून तुझं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. एवढी वर्षं ते टाळलं, आणि आता सांगायचं म्हटलं तर माणूस नाही. तुझ्या पोरीला सांगितलं असतं तर ती नुसती हो म्हणाली असती.

त्या अंड्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून मागतोय. सामान कुठे गेलं ते कळलं. पसाभर खाली, मोळीभर वर. सगळा हिशोब लागला. पण पाणी दे म्हणाला तो कोण होता, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत तो कुठे गेला, हे ना तुझ्या चार वस्तूंत सापडत, ना माझ्या चौथीत. तुलाही ठाऊक नव्हतं, हे तू तव्याजवळ कबूल केलंस, म्हणून तुला मानतो मी. दुसरा मास्तर असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

तुझ्या हातची ती सुकेळी तयार झाली. सुक्या पानांत बांधून वर टांगलीत. अर्धी एका बाजूने जास्त तांबूस आहेत, जिथे तू उलटायचा थांबलास तिथपासून. कोणाला दिली नाहीत. तुझी मुलं पुस्तक घेऊन आली तर त्यांना एकेक देईन, आणि खायच्या आधी विचारीन, का नासत नाही सांगा. ज्याला येईल त्यालाच.

राख घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा उठलो. मोटार चालू केली, पाट फिरवत फिरवत पाणी कोपऱ्यातल्या राजेळीपर्यंत आणलं. पन्नास वर्षं मी पाणी सोडताना खाली बघत आलोय, बुडात पोचलं की नाही ते. त्या दिवशी पाणी बुडात शिरलं, माती काळी झाली, आणि मी फावड्यावर हात ठेवून वर पानांकडे बघत उभा राहिलो. पाणी पाटावरून बाहेर सांडेपर्यंत.